लांबट चेहरा, आत गेलेली हनुवटी आणि कमी उघडणारं तोंड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सात वर्षांचा. शाळेतल्या दंत तपासणी शिबिरात त्याचं तोंड ३४ मिलिमीटर उघडतं असं निघालं आणि कार्डावर 'थोडं कमी' असा शेरा आला. दहा वर्षांच्या बहिणीचं ४५ भरलं. बहिणीचा चेहरा गोल आणि रुंद. मुलाचा आजोबांसारखा लांबट, हनुवटी जरा आत. घरात सगळ्यांचं म्हणणं असं की चेहराच असा, म्हणून तोंडही लहान. तुम्ही विचारता की चेहऱ्याच्या ठेवणीचा आणि तोंड उघडण्याचा खरंच संबंध असतो का, आणि वाढत्या वयात हे आपोआप सुधारेल का. सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही एक वाक्य लिहिलंय: चौथ्या वर्षी तो ओट्यावरून पडला होता, हनुवटीला तीन टाके पडले होते.

त्या शेवटच्या वाक्याकडे मला यायचं आहे. पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर आधी देते, कारण ते समजलं की टाक्यांचं मला इतकं का वाटतंय तेही समजेल.

मी गेली बावीस वर्षं लहान मुलांचे दात पाहते आहे. नवीन मूल आलं की दात मोजायच्या आधी मी तोंड किती उघडतं ते मोजते आणि केसपेपरवर लिहिते. ही सवय मला शिकवणाऱ्या बाईंनी लावली. तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा, आता तो आकडा लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इतकी वर्षं लिहून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: नुसता चेहरा बघून तोंड किती उघडेल हे सांगायला गेलं तर अंदाज चुकतो. लांबट चेहऱ्याची मुलं भलं मोठं तोंड उघडतात, गोल चेहऱ्याची मुलं कधी कधी अडतात. वय, उंची आणि खालच्या जबड्याची लांबी यांचा संबंध त्याहून खूप जवळचा आहे.

जबड्याच्या लांबीचं आधी सांगते. खालचा जबडा कानापुढच्या दोन सांध्यांवर टांगलेला असतो. आरशासमोर उभं राहून दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा, बोटांखाली काहीतरी पुढे सरकताना लागेल. तो जबड्याचा गोल माथा, त्याला आम्ही कंडाइल म्हणतो. तोंड उघडताना तो आधी जागच्या जागी फिरतो. मोठ्या माणसात पहिले वीस ते पंचवीस मिलिमीटर जवळपास या फिरण्यातूनच मिळतात. त्यापुढे उघडायचं तर माथ्याला कवटीच्या हाडावरच्या छोट्या उंचवट्याखालून पुढे घसरावं लागतं. म्हणजे तोंड पूर्ण उघडणं हे फिरणं आणि घसरणं दोन्ही मिळून होतं. नुसतं फिरणं शिल्लक राहिलं तर तोंड वीस-पंचवीसवर अडतं.

आता घरातलं कपाटाचं छोटं दार आणि खोलीचं मोठं दार डोळ्यासमोर आणा. दोन्ही सारख्याच कोनात उघडली तरी मोठ्या दाराची कड चौकटीपासून जास्त लांब जाते. जबड्याचंही तसंच. सांध्यापासून पुढच्या दातांच्या कडेपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात ढोबळमानाने १०० मिलिमीटर असतं. सात वर्षांच्या मुलात ते ८० धरू, दहा वर्षांच्या मुलीत ८८. दोघांनी सारखाच, समजा ३२ अंशांचा कोन उघडला, तर मुलीच्या दातांमध्ये सुमारे ४८ मिलिमीटर अंतर पडेल आणि मुलाच्या दातांमध्ये सुमारे ४४. कोणाच्याही सांध्यात काही बिघाड नसताना चार मिलिमीटरचा फरक पडला, तो फक्त जबडा लहान म्हणून. प्रत्यक्षात जबडा निव्वळ बिजागरीसारखा चालत नाही, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचाच समजा. पण लहान मुलाचा आकडा मोठ्या बहिणीच्या आकड्याशी का ताडून पाहू नये, ते यातून दिसतं.

चेहऱ्याच्या आकाराचा संबंध येतो तो मुख्यतः याच वाटेने. हनुवटी आत असलेल्या मुलांमध्ये खालचा जबडा बऱ्याचदा थोडा आखूड असतो, म्हणून आकडा दोन-चार मिलिमीटरने कमी येऊ शकतो. तेवढंच. १५ मिलिमीटरची तूट 'ठेवण' या शब्दात बसत नाही.

लांबट आणि रुंद चेहरा हे शब्द आपण सहज वापरतो, पण ते मोजायची एक जुनी पद्धत आहे. दोन भुवयांच्या मधे नाक जिथे सुरू होतं तिथपासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंतची उंची घ्यायची, तिला दोन गालफडांमधल्या सर्वाधिक रुंदीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर ८५ च्या खाली आलं तर चेहरा रुंद, ८५ ते ९० मध्यम, ९० च्या वर लांबट. एखाद्या सात वर्षांच्या मुलाची उंची ८८ मिलिमीटर आणि रुंदी १०८ भरली तर उत्तर येतं ८१.५, म्हणजे पुस्तकाप्रमाणे रुंद चेहरा. आई-वडिलांना मात्र तोच चेहरा लांबट वाटत असतो, कारण मूल अंगाने बारीक असतं आणि गाल बसलेले असतात.

इथे बरीच गल्लत होते. हे आकडे मोठ्या माणसांवरून ठरलेले आहेत. मुलाच्या चेहऱ्याची रुंदी आधी पूर्ण होत येते, उंची सगळ्यात शेवटी, अगदी वयात येईपर्यंत आणि त्यानंतरही वाढत राहते. म्हणून लहान मुलं एकूणातच रुंद चेहऱ्याची भरतात, आणि सातव्या वर्षी 'रुंद' ठरलेला मुलगा सोळाव्या वर्षी 'मध्यम' होतो. सहा ते बारा वयाची मुलं एकत्र घेऊन 'लांबट चेहऱ्याच्या मुलांचं तोंड जास्त उघडतं' असं कोणी म्हटलं, तर मी पहिलं विचारीन की त्या लांबट चेहऱ्याच्या मुलांचं वय किती होतं. ती मोठी होती म्हणून त्यांचा चेहराही लांब आणि तोंडही जास्त उघडणारं, असं सहज होऊ शकतं.

स्नायूंचाही मुद्दा पुढे येतो. गालावरचा चावण्याचा जो जाड स्नायू आहे, मॅसेटर, तो रुंद चौकोनी चेहऱ्याच्या मोठ्या माणसांत जाड आणि जोरकस असतो. लांब चेहऱ्याच्या मोठ्या माणसांची चाव्याची ताकद कमी असते. त्यावरून कोणी असाही तर्क करतं की जाड स्नायू कमी ताणला जाईल आणि रुंद चेहऱ्याचं तोंड कमी उघडेल. पण १९८३ साली विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी मोठ्यांबरोबर मुलांचाही चावा मोजला, तेव्हा लांब चेहऱ्याच्या आणि सर्वसाधारण चेहऱ्याच्या मुलांमध्ये तो फरक दिसला नाही. म्हणजे फरक पडतो तो पुढे, वाढीच्या वयात. सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा नियम लावून चालत नाही.

आणखी एक गैरसमज मला रोज भेटतो. 'याचं तोंड तर सदा उघडंच असतं, मग कमी कसं उघडेल?' बसल्या बसल्या ओठ उघडे राहणं आणि तोंड जास्तीत जास्त किती उघडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओठ उघडे राहतात ते बहुतेक वेळा नाक चोंदलेलं असल्यामुळे, नाकामागच्या ॲडेनॉइड गाठी वाढल्यामुळे. अशी वर्षं गेली की चेहऱ्याचा खालचा भाग लांबत जातो. स्वीडनच्या लिंडर-अ‍ॅरॉनसन यांनी १९७० च्या सुमारास ॲडेनॉइडच्या मुलांचे चेहरे मोजून हे दाखवलं. पुढे अमेरिकेत हारवोल्ड यांनी माकडांची नाकं बंद करून पाहिली, तर तोंडाने श्वास घेणाऱ्या माकडांच्या जबड्याची ठेवणच बदलली. त्यामुळे तुमचा मुलगा झोपेत घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. पण त्याचा ३४ या आकड्याशी थेट संबंध जोडू नका.

आता उलट्या दिशेबद्दल, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. चेहऱ्यामुळे तोंड कमी उघडतं असं घरचे म्हणतात. मुलांमध्ये मी याच्या नेमकं उलट होताना पाहिलं आहे. सांधा अडतो, जबडा हलायचा थांबतो, हलायचा थांबला की नीट वाढत नाही, आणि मग चेहरा बदलतो. मुलाचा जबडा वाढतो तो सांध्याजवळच्या कूर्चेच्या आधाराने आणि रोजच्या हालचालीच्या जोरावर. तिथे इजा झाली की त्या बाजूची वाढ मागे पडते. काही वर्षांनी जो चेहरा दिसतो त्याला घरात 'आजोबांची हनुवटी' म्हणतात.

एक नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे किडलेल्या दाढेसाठी आली होती. तोंड उघड म्हटलं तर तिने ओठ पूर्ण ताणले, डोळे मोठे केले, मान मागे टाकली, पण दात उघडले १४ मिलिमीटर. माझं बोट आडवं कसंबसं आत जाईल एवढी फट. आई म्हणाली, 'हिचं लहानपणापासून असंच आहे, घास छोटा करून खाते.' मी हनुवटी उचलून खाली पाहिलं. हनुवटीच्या खाली, जिथे समोरून कधी नजर जात नाही, तिथे भाताच्या शितासारखा एक पांढरा व्रण होता. अडीच वर्षांची असताना पायरीवर आपटली होती. टाके घातले गेले, जखम भरली, हनुवटीखेरीज कोणी काही पाहिलं नाही. तिची हनुवटी उजवीकडे सरकलेली होती. आईला काळजी होती ती डाव्या गालाची, कारण तो सपाट दिसत होता आणि उजवा छान भरलेला. खरं म्हणजे आजारी बाजू उजवी होती. ज्या बाजूचा सांधा जखडतो तिकडचा जबडा आखूड राहतो, त्यावरचं मांस एका जागी गोळा होऊन गाल गुबगुबीत दिसतो. निरोगी बाजू वाढत राहते, ताणली जाते आणि सपाट दिसते. आई-वडील जवळपास नेहमी चांगल्या गालाकडे बोट दाखवतात. तिच्या सांध्याचं हाड कवटीला चिकटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर महिनोन्महिने तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागला. आज तिचं तोंड ३६ उघडतं. पण ही गोष्ट अडीचव्या वर्षीच लक्षात आली असती तर बहुधा त्यातलं काहीच करावं लागलं नसतं, हे मला अजून टोचतं.

हनुवटीवर पडल्यावर मार कानापर्यंत का जातो, ते समजून घ्या. हनुवटी जमिनीवर आदळली की तो धक्का जबड्याच्या हाडातून सरळ मागे, दोन्ही माथ्यांपर्यंत जातो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलात हा माथा बुटका असतो, त्याची मान जाड असते, वरचं कठीण आवरण पातळ आणि आत रक्तवाहिन्या भरपूर. त्यामुळे तो मोठ्या माणसासारखा मानेत मोडत नाही, बऱ्याचदा सांध्याच्या आतच चेंगरतो. सांध्यात रक्त साचतं. मुलाला दुखतं म्हणून ते तोंड उघडत नाही, आई पातळ भरवते, आणि न हलणाऱ्या सांध्यात ते रक्त हळूहळू हाडात बदलू शकतं. बाहेरून मात्र दिसते ती हनुवटीची जखम. सगळे तिच्यावर लक्ष देतात आणि कानापुढे बोट ठेवून पाहायचं राहून जातं.

लगेच घाबरू मात्र नका. हनुवटीवर पडलेल्या बहुतेक मुलांना असं काही होत नाही, आणि मुलांच्या हाडाची स्वतःला पुन्हा घडवण्याची ताकद मोठी असते. माथा मोडलेली मुलंही बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना बरी होतात, अट एवढीच की जबडा लवकर हलता केला जावा. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: आकडा कमी, हनुवटी आत, हनुवटीला टाके. त्यामुळे 'ठेवण' म्हणून सोडून देणं मला मान्य नाही.

शिबिरातल्या ३४ वर मात्र माझा पूर्ण विश्वास नाही. शिबिरात रांग असते, समोर अनोळखी माणूस, पाठीमागे हसणारे वर्गमित्र. बुजऱ्या मुलाचं तोंड तिथे पाच-सात मिलिमीटर कमी उघडणं सहज शक्य आहे. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचं तोंड ४० च्या आसपास उघडतं, मोठ्या माणसांचं ४० ते ५५. ३५ च्या खाली आकडा आला की आम्ही कारण शोधायला लागतो. तुमचा मुलगा बरोबर त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून नीट मोजणं फार महत्त्वाचं.

घरी मोजायचं तर असं मोजा. मुलाला खुर्चीवर ताठ बसवा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं. मान मागे टाकली किंवा डोकं पुढे काढलं की तोंड जास्त उघडल्यासारखं भरतं, आणि तोंड अडणारी मुलं हे आपोआप करतात. 'तोंड उघड' असं म्हणू नका, 'सिंहासारखी जांभई दे' म्हणा. कंपासपेटीतली पट्टी घेणार असाल तर आधी ती नीट पाहा: बहुतेक पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, चार-पाच मिलिमीटर सोडून असतं. तेवढं प्लास्टिक कापून टाका, नाहीतर प्रत्येक आकडा तेवढ्याने चुकेल. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत मोजा. तीनदा मोजा, थोडा थोडा वेळ थांबून. सगळ्यात मोठा आकडा धरा.

सातव्या वर्षी एक खास अडचण असते. पुढचे दुधाचे दात पडलेले असतात, कायमचे दात अर्धवट आलेले असतात. दात जितका बुटका तितकं मधलं अंतर मोठं दिसतं. म्हणून आकड्यासोबत दात कुठपर्यंत आलेत तेही लिहून ठेवा. दुसरं, दात मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांना जेवढे झाकतात तेवढे मिलिमीटर उघडण्याच्या आकड्यात मिळवायला हवेत, तेव्हा जबडा खरोखर किती हलला ते कळतं. तुमच्या मुलीचे वरचे दात खालच्यांना समजा तीन मिलिमीटर झाकत असतील, तर तिचा जबडा खरं म्हणजे ४८ हलतो. मुलाचे दात अर्धे आलेले असतील तर ते अजून काहीच झाकत नसतील, त्याचे ३४ हे ३४ च. दोघांतला फरक ११ नसून १४ झाला. त्यातले चार जबड्याच्या लांबीने समजावता येतात. उरलेले दहा बुजरेपणाचे असतील तर घरी मोजताना निघून जातील. नाही गेले तर ते सांध्याकडे किंवा स्नायूंकडे बोट दाखवतात.

पट्टीशिवायही अंदाज घेता येतो. मुलाने स्वतःची पहिली तीन बोटं, तर्जनीपासून अनामिकेपर्यंत, एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून पाहावी. त्याचीच बोटं हवीत, तुमची नव्हेत, कारण बोटं आणि जबडा साधारण एका मापाने वाढतात. तीन गेली तर उत्तम, दोनवर अडला तर दाखवायला हवं. जांभई देताना त्याच्याकडे पाहा, ती तो लाजून देत नाही. पाणीपुरी अख्खी तोंडात घालतो की चावून चावून, वडापाव वरून कुरतडतो की पूर्ण घास घेतो, हेही लक्षात घ्या.

आकड्याइतकंच महत्त्वाचं, तोंड उघडताना हनुवटी कुठे जाते ते पाहा. नाकाच्या शेंड्यापासून खाली एक सरळ रेष मनात धरा. तोंड उघडताना हनुवटी त्या रेषेवरून खाली उतरायला हवी. शेवटी शेवटी एका बाजूला वळत असेल, तर ज्या बाजूला वळते त्या बाजूचा सांधा बहुधा घसरत नाही, कारण दुसरी बाजू पुढे सरकते आणि जबड्याला इकडे ढकलते. मोबाइलवर समोरून, स्वच्छ उजेडात, तोंड उघडतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. मला तो दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

तपासताना मी आणखी एक गोष्ट करते, ती घरी करू नका. मूल जेवढं उघडतं तेवढं उघडल्यावर दोन बोटांनी हलकेच आणखी उघडून पाहते. स्नायू आखडलेला असेल तर रबरासारखा ताण लागतो आणि आणखी काही मिलिमीटर मिळतात. हाड अडत असेल तर भिंतीला लागल्यासारखं एकदम थांबतं. तो फरक बोटांना कळतो आणि पुढचा बराच शोध त्यावरच ठरतो.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. आठवड्याभरात अचानक तोंड उघडेनासं झालं असेल तर किडलेल्या दाढेचा पू, घशातला गळू, गालगुंड, किंवा दाढ बधिर करण्याचं इंजेक्शन ही नेहमीची कारणं, आणि ताप किंवा सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. दातखीळ बसल्यासारखं होऊन मान-पाठही ताठ होत असेल तर तो धनुर्वात असू शकतो, तिथे एक तासही घालवू नका. हळूहळू, न दुखता कमी होत गेलं असेल तर मुलांच्या संधिवाताचाही विचार करावा लागतो. हा वात कानापुढच्या सांध्यात बसला तरी बरीच मुलं दुखतंय असं सांगत नाहीत. फक्त सकाळी जबडा आखडतो आणि वर्षा-दोन वर्षांत हनुवटी मागे राहते. मुलाचे गुडघे, घोटे, बोटं सकाळी आखडतात का, तेवढं आठवून पाहा.

तुमची मुलगी दहाची आहे म्हणून हेही सांगते, आणि दुसऱ्या आया वाचत असतील तर त्यांनाही. किशोरवयात तोंड उघडणं कमी होत असेल तर महाराष्ट्रात मी सगळ्यात आधी सुपारीचं विचारते. गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीच्या गोड-सुगंधी पुड्या मुलांच्या हातात पडतातच. सुपारीने गालाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी आणि ताठ होते, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, तिखट अजिबात सोसत नाही. पुढे तोंड कायमचं आखडतं, आणि त्यातून कर्करोगाचाही धोका असतो. 'हल्ली आमटी फार तिखट लागते' असं तेरा-चौदा वर्षांचं मूल म्हणू लागलं तर त्याचं तोंड उघडून बघा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, वाढेल का याचं उत्तर: निरोगी सांधा असेल तर हो. जन्मतः सांध्यापुढचा तो उंचवटा जवळपास सपाट असतो, दुधाचे दात येताना आकाराला येऊ लागतो आणि विशीपर्यंत घडत राहतो. जबडाही लांबतो. त्यामुळे तोंड उघडण्याचा आकडा उंचीबरोबर वाढत जातो. म्हणून मला एकट्या आकड्यापेक्षा सहा-सहा महिन्यांचे आकडे जास्त उपयोगी पडतात. मोजण्यात एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच. पण मूल उंच होतंय आणि तोंड तिथेच थांबलंय, किंवा चार-पाच मिलिमीटर कमी झालंय, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्यांचं तोंड आधीच अडलंय ते वयाबरोबर सुटत नाही, जबडा वाढत नाही म्हणून चेहऱ्यातला फरक उलट ठळक होतो.

दात दुरुस्त करायचे म्हणूनही हा आकडा लागतो. शेवटच्या दुधाच्या दाढेपर्यंत मशीन पोहोचवायला जागा लागते. ३४ मध्ये मी लहान डोक्याचं मशीन वापरून काम करू शकते, २० मध्ये नाही. कधी मोठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना श्वासनलिकेत नळी घालायची असते, तेव्हा 'तोंड कमी उघडतं' हे त्यांना आधी माहीत असणं मुलाच्या जिवासाठी महत्त्वाचं आहे. तुमच्या मुलाच्या प्रत्येक केसपेपरवर ते लिहून घ्या.

तर तुमच्या मुलासाठी मी हे करीन. या आठवड्यात दोन वेगवेगळ्या दिवशी, तो खेळून खूश असताना, वर सांगितलं तसं मोजा. ४० च्या आसपास आला, हनुवटी सरळ उतरली आणि तीन बोटं गेली, तर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं, बाकी काही नाही. ३५ च्या खालीच राहिला किंवा हनुवटी वळली, तर जवळच्या बालदंततज्ज्ञांकडे किंवा दंत महाविद्यालयातल्या बालदंत विभागात न्या आणि टाक्यांची गोष्ट सगळ्यात आधी सांगा, शेवटी नको. ते ओपीजी काढतील, म्हणजे दोन्ही जबडे आणि दोन्ही सांधे एकाच चित्रात दिसणारा एक्स-रे. त्यात दोन्ही माथे सारखे आहेत का, आणि जबड्याच्या खालच्या कडेला कोनापुढे खोल खाच पडली आहे का, ते दिसतं. संशय आला तरच सीटी. निदान होण्याआधी कोणी 'आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम करा' असं सुचवलं तर करू नका. तो व्यायाम चांगला आहे, पण आखडलेल्या स्नायूसाठी. हाड अडलेल्या सांध्यावर त्याने फक्त दुखापत होते.

आणि जाताना त्याचे जुने फोटो घेऊन जा. पडण्याच्या आधीचा एक, बालवाडीतला एक, आताचा एक, तिन्ही समोरून, शक्यतो न हसता. आजोबांचाही त्यांच्या तरुणपणीचा एखादा असेल तर तोही. हनुवटी खरंच आजोबांची आहे की चौथ्या वर्षानंतर मागे पडली, हे चारही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की बरंचसं दिसेल.